कत्तलखान्याचं पाणी आणि नदीचा मासा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नदीच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग पाडले आहेत. नुसतं निर्जंतुक करून पिता येईल असं पाणी ‘ए’ वर्गात, आंघोळीचं ‘बी’मध्ये, रीतसर शुद्धीकरण करून पिण्याजोगं होणारं ‘सी’मध्ये. या तिन्ही वर्गांना कोलिफॉर्म जिवाणूंची मर्यादा आहे : १०० मिलिलिटर पाण्यात अनुक्रमे ५०, ५०० आणि ५,०००. चौथा ‘डी’ वर्ग वन्यजीव आणि मत्स्यव्यवसायासाठी. त्याच्या अटी तीनच. सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत. जिवाणूंबद्दल एक अक्षर नाही. त्या पाण्यात मासा जगेल का, एवढंच हा वर्ग विचारतो. तो मासा ज्याच्या ताटात जाणार, आणि जो तो पकडायला पाण्यात उतरणार, त्यांचं काय, हे त्याच्या कक्षेतच येत नाही.

कत्तलखान्यांचं आणि मटण-चिकनच्या दुकानांचं पाणी नाल्यावाटे नदीत जातं आणि त्याच नदीतला मासा पुढच्या गावच्या बाजारात येतो, हे नदीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यावर आपल्याकडे दोनच सूर लागतात. कत्तलखाने बंद करा, हा एक. उगाच बाऊ करू नका, मासा काय कच्चा खातात का, हा दुसरा. पहिल्या सुरात बऱ्याचदा पाण्याच्या काळजीपेक्षा त्या धंद्यातल्या माणसांबद्दलचा राग जास्त असतो. दुसऱ्यात नदीत उभ्या राहणाऱ्या माणसाचा विसर पडलेला असतो. तरीही दोन्ही म्हणण्यांत काही खरं आहे आणि ते तपासून घेतलं पाहिजे. माझं स्वतःचं मत असं, की या सगळ्या साखळीत सूक्ष्मजीव धडपणे कुठेच मोजले जात नाहीत आणि म्हणून त्यांची जबाबदारीही कुणावर येत नाही. बंदीचा किंवा दुर्लक्षाचा निर्णय घेण्याआधी ही जबाबदारी ठरवावी लागेल.

जनावर कापल्यावर पाण्यात जाऊ शकणाऱ्या गोष्टींत रक्त पहिलं. म्हशीच्या गळ्यातून दहा-पंधरा लिटर, बकऱ्याच्या लिटरभर. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाईल याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम असतो. रक्ताचा दीड लाखाच्या घरात जातो. म्हणजे एक लिटर रक्त गटारात सोडलं तर ते जवळपास सहाशे लिटर सांडपाण्याइतका प्राणवायू ओढून घेतं. पण निरोगी जनावराचं रक्त स्वतः फारसं रोगट नसतं. रोग असतात ते पोटातल्या चोथ्यात आणि आतड्यांतल्या शेणात. ग्रॅमभर शेणात लाखोंनी ई. कोलाय असतात, आणि त्यांच्याबरोबर कधी सालमोनेला, कधी कॅम्पिलोबॅक्टर, कधी क्लॉस्ट्रिडियमची बीजं. रक्त आणि चरबी या जिवाणूंना खाद्य पुरवतात. पाणी गढूळ झालं की ऊन खोलवर पोचत नाही, आणि उघड्या पाण्यात जिवाणूंना मारणारी सगळ्यात स्वस्त गोष्ट ऊनच असते. म्हणून रक्त आणि शेण एकत्र नाल्यात जाणं हे दोन्ही वेगवेगळं जाण्यापेक्षा वाईट.

कत्तलखाना म्हटलं की डोळ्यांसमोर महापालिकेची मोठी वास्तू येते. मुंबईचा देवनारचा कत्तलखाना १९७१ पासून चालू आहे आणि तो कुठे आहे, कुणाचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या शहरांत रोज कापले जाणारे बहुसंख्य जीव अशा वास्तूत कापले जात नाहीत. रविवारी सकाळी चौकातल्या चिकन सेंटरसमोर थांबून पाहा. पिंजऱ्यातून कोंबडी काढायची, काट्यावर ठेवायची, मान कापून निळ्या प्लास्टिकच्या पिंपात सोडायची. आत थोडा वेळ फडफड होते आणि थांबते. मग कातडी सोलणं, पोट फाडून कलेजी बाजूला, आतडी आणि पिसं डब्यात, आणि लाकडी ठोकळ्यावर तुकडे. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये ठोकळ्यावर मगभर पाणी ओतलं जातं. ते लालसर पाणी फरशीच्या उतारावरून दाराशी येतं आणि जाळीतून गटारात जातं. पिंपही दिवसातून कधीतरी तिथेच रिकामं होतं. डब्यातला माल गाडीवाला घेऊन जातो. तो कुठे जातो हे पुष्कळदा तेव्हाच कळतं, जेव्हा बंदी असलेल्या थाई मांगूर माशाच्या तळ्यांवर छापा पडतो आणि तिथे खाद्य म्हणून टाकलेली कोंबडीची आतडी सापडतात. हे दुकान कुठल्याच यादीत कत्तलखाना म्हणून नाही. असं दुकान प्रत्येक वॉर्डात आहे. त्यांचं गटार पावसाळी नाल्याला मिळतं आणि नाला नदीला.

आता मासा. ई. कोलाय हा उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात राहणारा जीव. मासा थंड रक्ताचा. त्यामुळे माशाच्या अंगावर किंवा पोटात ई. कोलाय सापडला तर तो बाहेरून आलेला असतो, पाण्यातून किंवा पकडल्यानंतरच्या हाताळणीतून. याउलट एरोमोनास, व्हिब्रिओ ही मंडळी मुळात पाण्यातलीच. ती स्वच्छ पाण्यातही असतात. म्हणून माशावर ‘इतके लाख जिवाणू’ सापडले अशी बातमी आली तर तिला तोवर अर्थ नाही, जोवर कोणते जिवाणू हे सांगितलेलं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. जिवंत, धडधाकट माशाचं मांस आतून निर्जंतुक असतं. जिवाणू असतात ते कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत.

आतड्याचं महत्त्व कळायचं तर चिलापी कापताना पाहावी. पोटाला चीर देऊन आतडं ओढलं की ते संपता संपत नाही, माशाच्या लांबीच्या कितीतरी पट निघतं. शेवाळ, तळाचा गाळ, कुजका पाला खाणाऱ्या माशाला एवढं लांब आतडं लागतं. मरळ दुसरे मासे खाते, तिचं आतडं आखूड. त्यामुळे नदीच्या तळाशी जे बसलेलं असतं त्याचा थेट साठा चिलापीच्या पोटात असतो, आणि आज आपल्या धरणांत, नद्यांत मिळणाऱ्या स्वस्त माशांमध्ये चिलापी पहिली आहे. ते आतडं विळीवर फाटलं, की त्यातला काळपट लगदा पाटावर पसरतो. त्याच पाटावर पुढचा मासा येतो, आणि शेजारच्या बादलीतलं पाणी सकाळपासून तेच असतं. नदीने जे माशाच्या पोटात ठेवलं ते अशा रीतीने त्याच्या मांसावर येतं. बाजारात पाण्याची धार आणि गटाराची सोय नसेल तर नदी स्वच्छ असूनही मासा घाण होऊ शकतो, हेही इथेच मान्य करायला हवं.

भीमा खोऱ्याकडे पाहिलं की हा गुंता प्रत्यक्ष दिसतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं आणि भीमा ते उजनीत नेऊन सोडते. ११७ टीएमसीच्या या धरणावर भिगवण, इंदापूर, करमाळा परिसरातली हजारो माणसं मासेमारीवर जगतात. त्या प्रवाहात घरांचं मैलापाणी आहे, कारखान्यांचं पाणी आहे, गोठ्यांचं आहे, चिकन सेंटरचंही आहे. कोलिफॉर्मची नेहमीची चाचणी हा जिवाणू माणसाच्या पोटातला, म्हशीच्या की कोंबडीच्या, हे सांगत नाही. त्यासाठी जनुकीय खुणा शोधणाऱ्या वेगळ्या चाचण्या लागतात. त्या अस्तित्वात आहेत, पण आपल्या नेहमीच्या तपासणीत नाहीत. शिवाय नदी वाहताना स्वतःही काही काम करते. ऊन लागतं, गाळ खाली बसतो, दिवस जातात, आणि आतड्यातून आलेले जिवाणू मरत जातात. त्यामुळे धरणाच्या मध्यावर पकडलेला मासा आणि शहराच्या नाल्याच्या मुखाशी गळ टाकून पकडलेला मासा यांना एकाच मापाने मोजणं चुकीचं ठरेल. आणि नाल्याच्या मुखाशी पकडलेला मासा सहसा कुठल्याच लिलावात जात नाही. तो तिथल्याच वस्तीत खाल्ला जातो.

कत्तलखान्यांच्या बाजूने पहिला युक्तिवाद असतो तो प्रमाणाचा, आणि तो भक्कम आहे. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं २०,२३५ दशलक्ष लिटरच प्रत्यक्षात शुद्ध होतं. बाकीचं नद्या-नाल्यांत, समुद्रात आणि जमिनीत. २०२२ मध्ये मंडळाने देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले. त्यांत ५५ महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत जास्त. एवढा मैला माणसांचा असताना बोट खाटकाकडे का, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. पैसा मर्यादित असेल तर तो आधी मैलाशुद्धीकरणाला जावा, हेही मला मान्य आहे.

पण या युक्तिवादाला दोन जागी अडवलं पाहिजे. एक म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्र म्हणजे जिवाणूंचा बंदोबस्त, ही समजूत. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरमागे कोटीभर कोलिफॉर्म असू शकतात. नेहमीच्या प्रक्रियेत ९९ टक्के गेले तरी लाख उरतात. आंघोळीच्या पाण्याच्या वेगळ्या, ‘बी’ वर्गाहून सैल निकषातही कमाल मर्यादा २,५०० आहे. हीच गोष्ट कत्तलखान्याच्या नियमांत आणखी ठळक दिसते. २०१६ साली पर्यावरण मंत्रालयाने कत्तलखान्यांच्या सांडपाण्याचे निकष कडक केले. बीओडी ३० मिलिग्रॅमवर आणला, सीओडी (रासायनिक प्राणवायूची मागणी) २५०, तरंगते कण ५०, तेल-चरबी १०. चांगलं पाऊल होतं. त्यात जिवाणूंचा निकष नाही. पुढच्याच वर्षी मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी निकष आले, त्यांत विष्ठाजन्य कोलिफॉर्म १,००० च्या आत हवेत अशी अट आहे. माणसाच्या विष्ठेला मर्यादा आणि जनावराच्या विष्ठेला नाही, याला मला तरी कारण सापडत नाही. कत्तलखाना पाण्याचे सगळे निकष पाळून, कागद स्वच्छ ठेवून, नदीत लाखो जिवाणू सोडू शकतो.

दुसरी हरकत अशी, की कत्तलीचं पाणी थोडं असतं, दाट असतं आणि एका नळातून येतं. गावभर पसरलेला मैला अडवायला भुयारी गटारं, पंपिंग, जमीन, वर्षं लागतात. कत्तलीच्या जागी रक्त वेगळ्या पन्हाळीतून टाकीत घेता येतं, पोटाचा चोथा कोरडाच उचलून बायोगॅसला नेता येतो, रक्ताचं खाद्य-खत करता येतं. पाण्याचा नळ लावण्याआधी फावडं आणि खराटा वापरला तर निम्मी घाण पाण्यात जातच नाही. नदीवरच्या सगळ्या खर्चांत एवढ्या थोड्या पैशांत एवढा फरक पाडणारी जागा दुसरी क्वचितच असेल. शिवाय जनावरांना दिलेल्या प्रतिजैविकांना सरावलेले जिवाणू याच वाटेने पाण्यात येतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे औषध पशुखाद्यात आणि कुक्कुटपालनात वापरायला बंदी घातली ती याच भीतीने, कारण माणसावर बाकी औषधं चालेनाशी झाली की डॉक्टरांच्या हाती उरणाऱ्या मोजक्या औषधांत ते आहे.

‘मासा शिजवूनच खातात’ हा दुसरा युक्तिवाद तर आपल्या स्वयंपाकघरातून येतो आणि तोही खरा आहे. ई. कोलाय, सालमोनेला सत्तर अंशांवर टिकत नाहीत. चिलापीचा रस्सा चुलीवर रटरटतो तेव्हा त्याहून कितीतरी वर गेलेला असतो. मराठी घरात नदीचा मासा कच्चा किंवा अर्धकच्चा खायची रीत नाही. धोका शिजलेल्या माशात नसून विळीवर, पाटावर आणि हातांवर असतो. मासा कापला, हात पाण्याखाली नुसते भिजवले आणि त्याच विळीवर कांदा-कोथिंबीर चिरली, तर रस्सा निर्धोक आणि कोशिंबीर धोक्याची होते. खाणाऱ्यांना सांगायचं असेल तर नेमकं हेच सांगावं. कल्ले आणि आतडी आधी, वेगळ्या जागी काढा, मासा वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, विळी-पाट साबणाने घासून मगच दुसरं काही चिरा. शिंपल्यांची गोष्ट निराळी. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून जगतात, जिवाणू अंगात साठवतात आणि त्यांच्या पोटासकट खाल्ली जातात. म्हणून युरोपात शिंपल्यांच्या मांसातल्या ई. कोलायवरून खाड्यांचे वर्ग ठरतात, आणि १०० ग्रॅम मांसात २३० पर्यंत आकडा असेल तरच माल थेट बाजारात जाऊ शकतो. खाडीकाठच्या शहरांनी याचा विचार माशांच्याही आधी करायला हवा.

पण खाणाऱ्याकडेच पाहत राहिलो की सगळ्यात जास्त धोक्यात असलेला माणूस नजरेतून सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सांडपाण्यावरच्या मत्स्यशेतीसाठी मार्गदर्शक आकडे दिले. मासा खाणाऱ्याच्या दृष्टीने तळ्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे १०,००० ई. कोलायपर्यंत चालतील असं त्यात आहे. त्याच तळ्यात काम करणाऱ्याच्या दृष्टीने मर्यादा आहे १,०००. दहापट कडक. खाणाऱ्याच्या आणि जिवाणूच्या मध्ये चूल असते. भोई, ढीवर, कहार समाजातला जो माणूस पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं ओढतो, ट्यूबवर बसून पाय पाण्यात सोडतो, जाळ्याची गाठ दातांनी सोडवतो, त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये काहीच नसतं. काट्याने फुटलेलं बोट, पायाला लागलेली काच, आणि त्यातून जाणारं लेप्टोस्पायरोसिससारखं दुखणं. मासे साफ करणाऱ्या बायकांचे हात दिवसभर ओले असतात. नदीतल्या जिवाणूंची चर्चा ‘मासा खावा का’ या प्रश्नावर संपते तेव्हा ही माणसं त्या चर्चेत कुठेच नसतात.

त्यांना दुसऱ्या बाजूनेही मार बसतो, आणि म्हणूनच मासे तपासून निकाल जाहीर करा, ही मागणी मी सहजासहजी करू शकत नाही. २०१८ च्या जुलैत गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या बातम्या आल्या, गदारोळ झाला, सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घातली. तिथे संशय व्यापाऱ्याने घातलेल्या रसायनावर होता आणि भीती बसली ती सगळ्याच मासळीची. नदीच्या माशाबाबत तर दोष पकडणाऱ्याचा मुळीच नसतो. ‘अमुक नदीच्या माशात विष्ठेचे जिवाणू’ असा मथळा आला की भाव पडतो तो त्याच्या टोपलीचा. वरच्या शहराच्या मालमत्ता करात एक रुपयाही कमी होत नाही. निकाल दडवले तर खाणाऱ्यावर आणि पाण्यात उतरणाऱ्यावर अन्याय, उघड केले तर विकणाऱ्यावर. मी तरीही उघड करण्याच्या बाजूने आहे, पण अट घालून. निकाल नदीच्या नावाने न देता पट्ट्याच्या नावाने द्यावेत, कोणता जिवाणू, किती, मांसात की आतड्यात, हे स्पष्ट लिहावं, आणि त्याच पानावर त्या पट्ट्यात वरून कोणाचं पाणी येतं हेही असावं. अन्न सुरक्षा मानकांत ताज्या माशासाठी सूक्ष्मजीवांच्या मर्यादा आहेतच. सालमोनेला २५ ग्रॅमच्या नमुन्यात अजिबात नको अशी अट आहे. ती निर्यातीच्या कोळंबीला लावली जाते तितक्या कसोशीने चिलापीला लावली जात नाही.

बंदीचा मार्ग आपण देशात पाहिला आहे. मार्च २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात नवं सरकार आल्यावर बेकायदा कत्तलखाने बंद करण्याची धडक मोहीम झाली. परवाने संपलेले, नूतनीकरण न झालेले, सगळेच त्यात आले. प्रकरण अलाहाबाद उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने सरकारला परवान्यांच्या अर्जांवर निर्णय करायला सांगितलं. मुद्दा साधा होता. कत्तलखाने उभारणं आणि नीट चालवणं ही मुळात स्थानिक संस्थांची जबाबदारी. त्यांनी ती पार पाडली नाही आणि शिक्षा खाटकाला झाली. पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर बंद झालेल्या कत्तलखान्याबरोबर मांस खाणं बंद होत नाही. कत्तल गल्लीत, परसात, नाल्याच्या काठावर सरकते आणि एका नळाचं पाणी पन्नास गटारांत वाटलं जातं. एका जागी येणारं पाणी तपासता तरी येतं. कत्तलखान्यावर सर्वांत जोराने टीका करणारा आणि नदीची खरोखर काळजी असणारा, दोघांनीही मागणी करायला हवी ती जास्त आणि चांगल्या कत्तलखान्यांची. कोंबड्यांसाठी प्रभागनिहाय सामायिक कत्तल केंद्रं करायला लहान दुकानदारांचा विरोध होईल, कारण गिऱ्हाइकाला समोर कापलेली कोंबडी हवी असते आणि विश्वास त्यावरच असतो. हा विरोध दंडुक्याने मोडू नये. त्यांना आधी परवडणारी गोष्ट सांगावी : दुकानाच्या जाळीखाली चरबी-कण अडवणारी छोटी टाकी, रक्तासाठी वेगळं पिंप, आणि ते उचलायला महापालिकेची रोजची गाडी. आखाडात, गटारीला आणि बकरी ईदला ही गाडी दिवसातून अनेकदा फिरली पाहिजे, कारण तेव्हा कत्तल कितीतरी पट होते. आखाड आणि गटारी तर नेमके नदी भरून वाहण्याच्या दिवसांत येतात.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, नळाच्या तोंडाशी क्लोरीन टाका. हा उपाय मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण तो कागदावर लगेच यशस्वी होतो. रक्त, चरबी आणि अमोनिया असलेल्या पाण्यात टाकलेलं क्लोरीन आधी त्यांच्याशीच संयोग पावतं. जिवाणू मारायला उरावं म्हणून मात्रा वाढवावी लागते, आणि त्यातून तयार होणारी क्लोरामाइनं माशांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. कोलिफॉर्मचा आकडा खाली जातो आणि नाल्याखालचे मासे मरतात. अतिनील किरणांचे दिवे हा बिनविषारी पर्याय आहे, पण त्याला पाणी आधी नितळ हवं. म्हणजे फिरून तिथेच यावं लागतं. रक्त-शेण पाण्यात जाऊच न देणं, मग प्रक्रिया, मग शेवटी निर्जंतुकीकरण, हा क्रम उलटा करता येत नाही.

मैलापाणी आणि मासा यांचं नातं कायम वैराचंच असतं असं मात्र नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरची पाणथळ भूमी आहे, २००२ पासून रामसर यादीत. तिथल्या भेरींमध्ये, म्हणजे मत्स्यतळ्यांमध्ये, शहराच्या सांडपाण्यावर कित्येक पिढ्या मासे वाढवतात आणि तो मासा शहरच खातं. पर्यावरणतज्ज्ञ ध्रुवज्योती घोष यांनी आयुष्यभर त्या भूमीची बाजू मांडली. तिथलं तंत्र असं, की सांडपाणी उथळ पाण्यात हळूहळू सोडायचं, उन्हात राहू द्यायचं, शेवाळ वाढू द्यायचं. शेवाळाने दिवसा पाण्याचा सामू चढतो, ऊन आणि चढलेला सामू मिळून जिवाणू मारतात, आणि शेवाळ माशाचं खाद्य होतं. म्हणजे पाण्यातली घाण आणि माशाचं अन्न यांच्यामध्ये वेळ, ऊन आणि माणसाची देखरेख असते. आपल्या नाल्याच्या मुखाशी यांतलं एकही नसतं. तरीही ‘सांडपाण्यावरचा मासा’ म्हणजे आपोआप त्याज्य, असं मानणाऱ्यांनी कोलकात्याचं उदाहरण विसरू नये, आणि त्याचा दाखला देऊन ‘आपलंही चालेल’ म्हणणाऱ्यांनी तिथली देखरेख विसरू नये.

खर्च कुणी करायचा, इथे येऊन अशा चर्चा थांबतात. नगरपरिषदा म्हणतील पैसा नाही, आणि लहान नगरपरिषदांबाबत ते खरंच आहे. केंद्राने कत्तलखान्यांच्या निकषांत कोलिफॉर्मची १,००० ची मर्यादा घातली तर त्यांना दोन-तीन वर्षांची मुदत आणि अनुदान द्यावं लागेल. ‘डी’ वर्गात जिवाणूंचा आकडा घालणं मात्र कुणाच्याही खिशाला चाट न लावता होऊ शकतं, आणि तो आकडा खाणाऱ्याच्या नव्हे, पाण्यात उतरणाऱ्याच्या मापाने ठरवला पाहिजे.

राज्य सरकारच्या हातातली एक गोष्ट तर केंद्राची वाट न पाहता करता येईल. जलाशयांचा मासेमारी ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. संस्था बीज सोडते, जाळी आणते, जिथे ठेका रक्कम लागू आहे तिथे ती भरते. तिला दिलेल्या पाण्याचा दर्जा काय असेल, याची हमी मात्र तिला मिळत नाही. त्या करारात ई. कोलायची मर्यादा लिहावी. उन्हाळ्यात एकदा आणि आखाडानंतर एकदा, संस्थेच्या माणसासमोर पाण्याचा आणि माशांचा नमुना घ्यावा. मर्यादा ओलांडली गेली तर त्या वर्षीची ठेका रक्कम माफ व्हावी, मच्छीमार कुटुंबांच्या आरोग्य तपासणीचा आणि बुडालेल्या भावाचा खर्च द्यावा, आणि ही सगळी रक्कम वरच्या ज्या महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं पाणी त्या जलाशयात येतं तिच्या अनुदानातून वळती करून घ्यावी.